शेतावरचा गॉडफ्रे आणि पोटातली पित्तनलिका

पोटाच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘एचयू’ ही दोन अक्षरे अनेकदा दिसतात. आखाडा बाळापूरहून नांदेडला जाऊन तपासणी करून आलेल्या काविळीच्या रुग्णाच्या फाइलमध्येही ती सापडतील. एचयू म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. हे आडनाव एका शेतकऱ्याच्या मुलाचे आहे.

गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील नेवार्क येथे झाला. पाच भावंडांत ते धाकटे. शेतावरची मळणी यंत्रे खोलून बघणे, गंजीवरून घरगुती ग्लायडरने उडी मारणे हे त्यांचे खेळ. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र सोडले तर फारसे मन रमले नाही. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात ते रडारचे काम शिकले. पुढे अभियांत्रिकीची पदविका घेतली. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती.

१९५१ मध्ये ते ईएमआय कंपनीत लागले. १९६७ मध्ये त्यांना एक कल्पना सुचली. साध्या एक्स-रेमध्ये शरीराच्या सगळ्या थरांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. पण अनेक कोनांतून किरण सोडून मोजमाप घेतले, तर संगणक आतला एकेक काप वेगळा दाखवू शकेल. पहिल्या प्रयोगात एका चित्राची मोजमापे घ्यायला तब्बल नऊ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि त्यात गाठ स्पष्ट दिसली. काही वर्षांतच संपूर्ण शरीराचे स्कॅनर आले आणि यकृत व पित्तनलिकाही नजरेच्या टप्प्यात आल्या.

हाउन्सफिल्ड मापात पाणी शून्य आणि हवा उणे १००० असते. पित्ताचे माप पाण्याच्या जवळचे, यकृताचे त्याहून जास्त. म्हणून अडथळ्यामुळे फुगलेली पित्तनलिका यकृतात काळसर फांद्यांसारखी दिसते. जुनाट आजारात नलिकेची जाड झालेली भिंत, यकृतातला गळू, स्वादुपिंडाजवळची गाठ, गाठीचा पसारा हे सीटी चांगले दाखवतो. मात्र काही खड्यांचे माप पित्ताइतकेच असते. ते सीटीत लपून राहतात. त्यामुळे पहिली तपासणी सहसा सोनोग्राफीची असते आणि नलिकेचा बारीक नकाशा हवा असल्यास एमआरसीपी करतात. सीटीत किरणोत्सर्ग असतो. म्हणून तो कधी करायचा, हे डॉक्टरांनी ठरवावे.

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले अ‍ॅलन कॉरमॅक यांनी याच प्रश्नाचे गणित स्वतंत्रपणे सोडवले होते. दोघांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. हाउन्सफिल्ड अविवाहित राहिले, साधेपणाने जगले आणि १२ ऑगस्ट २००४ रोजी वारले.

त्यांचे यंत्र आज जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, पण रुग्ण तिथे वेळेत पोहोचला तरच त्याचा उपयोग. आपल्याकडे कावीळ म्हटली की आधी झाडपाला, कावीळ उतरवणे यांतच दिवस जातात. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी आणि अंगाला खाज असेल, तर पित्ताची वाट अडलेली असू शकते. त्यातच थंडी वाजून ताप आला आणि उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.