एरिक लिडेल यांची शर्यत

नाशिकच्या आसपासच्या खेड्यांतून पहांटे जावें, तर रस्त्याच्या कडेनें धांवणारीं तरुण मुलें हटकून भेटतात. कोणी पोलीसभरतीच्या सोळाशें मीटर धांवेची तयारी करीत असतो, तर कोणी जिल्ह्याच्या सामन्यांची. आपल्याच जिल्ह्यांतील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनीं २०१० सालीं आशियाई सामन्यांत दहा हजार मीटरच्या शर्यतींत रौप्यपदक मिळविलें, हें ह्या मुलांस तोंडपाठ असतें. आमच्या मंडळींतील अशाच एका तरुणानें गेल्या पावसाळ्यांत मला एक प्रश्न विचारला. त्याचें कॉलेजांतील शेवटचें वर्ष होतें, आणि ज्या शर्यतीसाठीं त्यानें वर्षभर श्रम केले होते, ती रविवारीं सकाळीं, नेमकी उपासनेच्या वेळीं, ठरली होती. आपण काय करावें, असें तो विचारीत होता. मीं त्यास लगेच उत्तर दिलें नाहीं. एका मनुष्याचें चरित्र सांगितलें. तेंच आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

एरिक हेन्री लिडेल याचा जन्म ता. १६ जानेवारी १९०२ रोजीं चीन देशांतील तिएनत्सिन शहरीं झाला. त्याचे आईबाप स्कॉटलंडचे असून लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीनें तेथें सेवा करीत होते. एरिक सहा वर्षांचा असतांना त्याला व त्याचा थोरला भाऊ रॉब याला इंग्लंडांत मिशनऱ्यांच्या मुलांसाठीं असलेल्या शाळेंत ठेवण्यांत आलें, आणि आईबाप पुन्हां चीनला गेले. बोर्डिंगांत वाढलेल्या आपल्या वाचकांस हा वियोग काय असतो हें सांगावयास नको.

पुढें १९२० सालीं तो एडिंबरो विद्यापीठांत शास्त्र शिकूं लागला. तेथें त्याच्या पायांची कीर्ति झाली. त्याची धांवण्याची रीत पाहून जाणते लोक हंसत असत, कारण तो मान मागें टाकून, हात वेडेवांकडे हालवीत धांवे. परंतु शर्यत संपे तेव्हां बहुधा तोच पुढें असे. त्या काळीं शर्यतीच्या आरंभीं पाय रोवण्यासाठीं प्रत्येकास आपल्यासारख्या खुरप्यानें जमिनींत लहान खळगे खणावे लागत. एरिक आपलें खुरपें प्रतिस्पर्ध्यांस वापरावयास देई, आणि धांव सुरू होण्यापूर्वीं सर्वांशीं हस्तांदोलन करी. रगबी ह्या चेंडूच्या खेळांतही तो १९२२ व १९२३ सालीं स्कॉटलंडच्या संघांतून सात सामने खेळला.

स्वभावानें तो भिडस्त होता. चारचौघांत प्रभूविषयीं बोलण्याचें धैर्य त्याला नव्हतें. १९२३ सालच्या एप्रिल महिन्यांत डी. पी. थॉमसन नांवाच्या तरुण सुवार्तिकानें त्याला आर्माडेल गांवांतील सभेंत साक्ष देण्यास बोलाविलें. एरिक गेला. तो मोठा वक्ता नव्हता; आपणांस प्रभु काय आहे एवढेंच त्यानें साध्या शब्दांत सांगितलें. परंतु त्या दिवसापासून त्याचे पाय व त्याची जीभ एकाच धन्याच्या झाल्या. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत इंग्लंडांतील स्टोक येथें ४४० यार्डांच्या शर्यतींत आरंभींच धक्का लागून तो खालीं पडला. बाकीचे फार पुढें गेले होते. तो उठला, धांवला आणि पहिला आला.

आतां मुख्य प्रसंगाकडे येऊं. १९२४ सालीं पॅरिस येथें ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. १०० मीटरच्या शर्यतींत ब्रिटनची मोठी आशा एरिकवर होती. परंतु कार्यक्रम प्रसिद्ध झाला, तेव्हां त्या शर्यतीच्या पहिल्या फेऱ्या रविवारीं असल्याचें दिसून आलें. प्रभूच्या दिवशीं आपण धांवणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. दोन सांघिक शर्यतींची अडचणही रविवारचीच असल्यामुळें त्याही त्यानें सोडल्या. १९८१ सालीं निघालेल्या प्रसिद्ध इंग्रजी चित्रपटांत ही गोष्ट त्याला जहाजावर चढतांना कळते असें दाखविलें आहे; खरी हकीकत तशी नाहीं. ती त्याला कित्येक महिने आधीं ठाऊक होती. म्हणजे हा निर्णय क्षणिक आवेशाचा नव्हता. पुनः विचार करावयास, मन वळवावयास त्याला भरपूर अवधि होता. लोकांनीं आग्रह केला, कित्येकांनीं त्याला देशाचा अभिमान नाहीं असेंही म्हटलें. त्यानें कोणाशीं वाद घातला नाहीं, व रविवारीं धांवणाऱ्या दुसऱ्या कोणाला दोषही दिला नाहीं. तो मुकाट्यानें २०० व ४०० मीटरच्या तयारीस लागला.

रविवार ता. ६ जुलै रोजीं १०० मीटरच्या फेऱ्या झाल्या; एरिक त्यांत नव्हता. दुसऱ्या दिवशीं ती शर्यत त्याच्याच संघांतील हॅरल्ड एब्रहॅम्स यानें जिंकली. ता. ९ रोजीं २०० मीटरमध्यें एरिक तिसरा आला. ता. ११ रोजीं, शुक्रवारीं, ४०० मीटरची अंतिम शर्यत होती. त्या दिवशीं संघाची मालिश करणाऱ्यांपैकीं एकानें त्याच्या हातीं एक चिठ्ठी दिली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत एली याजकाला देवानें जो बोध केला, त्याची आठवण तींत होती. एरिकला सर्वांत बाहेरची पट्टी मिळाली होती, त्यामुळें मागचे धांवणारे त्याला दिसतच नव्हते. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण वेगानें धांवला. ४७.६ सेकंदांत त्यानें शर्यत जिंकली, व तो त्या वेळचा जगांतील विक्रम ठरला.

येथें वाचकांस एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. पुष्कळ उपदेशक ही गोष्ट अशी सांगतात कीं, त्यानें रविवार पाळला म्हणून देवानें त्याला सुवर्णपदक दिलें. हा हिशोब बाजारांतला आहे. एरिक त्या शुक्रवारीं शेवटचा आला असता, तरी त्याचा रविवारचा निर्णय रतिमात्र कमी खरा ठरला नसता. प्रभूचा मान राखून ज्यांस पदक मिळालें नाहीं, असे पुष्कळ जण आपल्या मंडळ्यांतून आहेत. त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत येत नाहींत इतकेंच.

एरिकची खरी परीक्षा पदक मिळाल्यानंतरच झाली, असें मला वाटतें. पॅरिसहून परत आल्यावर थोड्याच दिवसांत त्याला पदवी मिळाली. विद्यार्थ्यांनीं त्याला खांद्यावर घेऊन मिरविलें. सारा देश त्याच्या पायांशीं होता. त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें. पुढचे ऑलिंपिक सामने चार वर्षांवर. परंतु चीनला सेवेसाठीं जावयाचें हें त्यानें ठरवून टाकिलें होतें. पुढचें एक वर्ष तो एडिंबरोच्या एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजांत शिकला आणि थॉमसन यांजबरोबर गांवोगांव सुवार्ता सांगत फिरला. लोक धांवणाऱ्यास पाहावयास येत. तो त्यांस धन्याची ओळख करून देई. १९२५ च्या उन्हाळ्यांत तो स्कॉटलंडांत शेवटच्या हंगामासाठीं मैदानावर उतरला. जून महिन्यांत ग्लासगो येथील अजिंक्यपदाच्या सामन्यांत त्यानें १००, २२० व ४४० यार्ड ह्या तिन्ही शर्यती एकाच दिवशीं जिंकल्या. पाय थकले म्हणून त्यानें मैदान सोडलें असें कोणास म्हणतां येणार नाहीं. भरलेलें ताट त्यानें आपण होऊन बाजूस सारलें. रविवारची एक शर्यत सोडणें हें ह्या मोठ्या त्यागाचें नुसतें बियाणें होतें. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो आगगाडीनें सैबेरियाच्या मार्गें चीनला निघाला.

तिएनत्सिन येथें लिडेलसाहेब मिशनच्या कॉलेजांत शास्त्र शिकवूं लागले. १९३२ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, व १९३४ सालीं फ्लॉरेन्स मॅकेन्झी ह्या कानडा देशांतील मिशनरी कुटुंबांतील मुलीशीं त्यांचा विवाह झाला. १९३७ च्या अखेरीस ते शहर सोडून सिआओचांग ह्या खेड्यांतील मिशनांत गेले. तेथें त्यांचे भाऊ रॉब हे डॉक्टर होते. जपानी सैन्य व चिनी सैन्य यांच्या लढाईंत तो मुलूख भरडला जात होता. ज्यांस उचलण्यास इतर लोक भीत होते, अशा जखमींस लिडेलसाहेबांनीं गाडींतून आणून इस्पितळांत पोंचविलें. १९४१ सालीं धोका वाढल्यामुळें त्यांनीं गरोदर पत्नीस व दोन मुलींस कानडास पाठविलें. तिसरी मुलगी तेथें जन्मली. तिचें तोंड त्यांस कधींच पाहावयास मिळालें नाहीं.

१९४३ सालीं जपान्यांनीं त्यांस वेईशिएन येथील छावणींत डांबलें. तेथें सुमारें दीड हजार परदेशी माणसें कोंडलेलीं होतीं, आणि त्यांत आईबापांपासून तुटलेलीं कितीतरी शाळकरी मुलें होतीं. आईबापांचा वियोग भोगलेल्या ह्या मनुष्यास त्या मुलांचें दुःख कळलें. तो त्यांस शास्त्र शिकवी, पवित्र शास्त्र शिकवी, मोडक्या काठ्या दुरुस्त करून त्यांचे खेळ भरवी. फक्त रविवारीं नाहीं. मुलें कंटाळलीं, व एका रविवारीं त्यांनीं आपल्या आपणच हॉकी खेळावयास घेतली. पंच नव्हता, म्हणून तो खेळ मारामारींत संपला. लिडेलसाहेबांनीं विचार केला, आणि पुढच्या रविवारीं शिटी घेऊन ते स्वतः मैदानावर उभे राहिले. जगांतल्या सर्वांत मोठ्या मानासाठीं जो रविवारीं धांवला नाहीं, तो मुलांतला तंटा मिटावा म्हणून रविवारीं मैदानावर गेला. ह्यांत विसंगति दिसते खरी. परंतु स्वतःच्या मानासाठीं त्यांनीं तो दिवस मोडला नाहीं. शेजाऱ्याच्या प्रीतीसाठीं मोडला. शब्बाथ मनुष्यासाठीं आहे हें आपला प्रभु शिकवून गेला आहे. लिडेलसाहेबांस तें शेवटीं छावणींत पुरतेपणीं उमगलें, असें मला वाटतें.

त्या छावणींत स्टीफन मेटकाफ नांवाचा एक मुलगा होता. शत्रूंसाठीं प्रार्थना करावी हें लिडेलसाहेबांनीं त्यास शिकविलें. १९४५ च्या हिवाळ्यांत त्याच्या पायांत धड जोडे नाहींत हें पाहून त्यांनीं आपले धांवण्याचे जुने, दोऱ्यानें शिवलेले जोडे त्यास देऊन टाकिले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, ता. २१ फेब्रुवारी १९४५ रोजीं, मेंदूंतील गांठीनें लिडेलसाहेब प्रभूघरीं गेले. त्यांचें वय त्रेचाळीस होतें. छावणी सुटावयास सहा महिनेही उरले नव्हते. तो मुलगा पुढें मिशनरी होऊन गेला, तो ज्यांनीं त्यास कोंडलें होतें त्यांच्याच देशांत, जपानांत.

आमच्या तरुणास मीं एवढें सांगून माझें मत दिलें. एक शर्यत गेली तर दुसरी येईल. परंतु मन एकदां विकावयास काढलें, कीं त्याची किंमत उतरतच जाते. तरी निर्णय त्यानेंच गुडघे टेकून करावा, व जो करील तो दुसऱ्याच्या डोक्यावर काठीसारखा उगारूं नये. आणि मंडळींतील वडिलांस माझी विनंति आहे कीं, अशा मुलांस रविवारीं बांकावर मोजतांना, शनिवारीं त्यांच्या मैदानावरही एकदां जाऊन उभें राहावें.