डॉ. गंगाधर अधिकारी : केमिस्ट्रीकडून राष्ट्रांच्या प्रश्नाकडे

बटलर-व्होल्मर समीकरण आपल्यातल्या केमिकलवाल्यांनी तरी परीक्षेच्या आदल्या रात्री नक्की घोकलं असेल. त्यातले व्होल्मर म्हणजे बर्लिनचे प्रोफेसर मॅक्स व्होल्मर. १९२५-२६ च्या सुमारास त्यांच्याबरोबर एक मराठी तरुण संशोधन करत होता. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटलेले बेंझोफिनोनचे रेणू एका जागी बसून राहत नाहीत, सरकत राहतात, हे दोघांनी मिळून मोजून दाखवलं. सरफेस डिफ्युजनच्या इतिहासात या कामाचा उल्लेख आजही होतो. तो तरुण म्हणजे डॉ. गंगाधर मोरेश्वर अधिकारी. पण त्यांच्याविषयी वाचायचं असेल तर केमिस्ट्रीचं कपाट सोडून राजकारणाच्या कपाटाकडे जावं लागतं.

जन्म १८९८ चा, पनवेलचा. शिक्षण मुंबईत, आणि मग १९२२ मध्ये जर्मनी. पहिल्या महायुद्धात हरलेला तो देश. नोटांचे गठ्ठे देऊन पाव विकत घ्यायचे ते दिवस, रस्त्यावर रोज मोर्चे. अधिकारींनी डॉक्टरेट मिळवली, संशोधनात नाव होऊ लागलं आणि त्याच काळात ते मार्क्सवादाकडे वळले. जर्मन कम्युनिस्ट पक्षात गेले. १९२८ च्या शेवटी मुंबईत परत आले ते लॅबमध्ये जायला नाहीच, गिरणी कामगारांत. (आपल्याकडे परदेशातून शिकून आलेल्या मुलाने असं केलं तर घरात काय होईल, कल्पना करा!) जेमतेम तीन-चार महिने झाले आणि २० मार्च १९२९ ला मीरत कटाच्या खटल्यात अटक. डांगे, मिरजकर, घाटे असे बरेच मराठी लोक त्यात होते, आणि काही इंग्रजसुद्धा. खटला जवळजवळ चार वर्षं चालला. मार्क्स-एंगल्सचा कम्युनिस्ट जाहीरनामा मराठीत आणला तोही अधिकारींनीच. १९३३ साली सुटल्यावर पक्षाचे सरचिटणीस झाले, पुन्हा पकडले गेले, स्थानबद्ध झाले. हा सगळा भाग मी भराभर सांगतेय, कारण मला सांगायची गोष्ट आहे १९४२ ची.

मी सोनईची. आमच्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण भुईकोट किल्ल्याची शाळेची ट्रिप गेली तेव्हा अहमदनगरच होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना पकडून याच किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरूंनी भारताच्या एकतेचा शोध घेणारं आपलं जाडजूड पुस्तक इथेच लिहिलं, हे प्रत्येक गाईड सांगतो. त्याच वेळी तिकडे मुंबईत अधिकारी नेमक्या त्याच प्रश्नावर लिहीत होते आणि त्यांचं उत्तर पार वेगळं होतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

हिटलरने १९४१ मध्ये रशियावर हल्ला केल्यावर कम्युनिस्टांनी युद्धाला पाठिंबा दिला, 'चले जाव'ला विरोध केला. सरकारने जुलै १९४२ मध्ये त्यांच्यावरची बंदी उठवली. लोकांचा त्यांच्यावरचा राग आपण समजू शकतो. दुसरीकडे मुस्लिम लीगने १९४० मध्येच लाहोरला ठराव केला होता. डॉ. आंबेडकरांचं पाकिस्तानवरचं पुस्तकही आलं होतं. काँग्रेस म्हणत होती देश एक, लीग म्हणत होती दोन राष्ट्रं. सप्टेंबर १९४२ मध्ये अधिकारींनी कम्युनिस्ट पक्षापुढे प्रबंध मांडला, आणि त्यात हिशोब ना एकचा होता ना दोनचा. भारतात अनेक राष्ट्रीयत्वं आहेत, असा तो होता.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे नॅशनॅलिटी म्हणजे फॉर्मवरचा एक रकाना, तिथे इंडियन लिहायचं, एवढंच मला माहीत. अधिकारींनी तो शब्द सोव्हिएत अर्थाने घेतला. एक सलग भूमी, एक भाषा, एकत्र आर्थिक जीवन आणि एक मनोघडण ज्या लोकसमूहाला आहे, ते राष्ट्रीयत्व. ही कसोटी स्टॅलिनच्या १९१३ च्या लेखातली. ती लावून पठाण, सिंधी, शीख, बंगाली, आंध्र, तमिळ अशी सोळा नावांची यादी पक्षाच्या ठरावात आली. त्यात महाराष्ट्रीयही होते! या प्रत्येकाला स्वतंत्र भारताच्या संघराज्यात स्वायत्त राज्य मिळावं, आणि वाटलं तर बाहेर पडण्याचा हक्कही असावा. म्हणजे कागदोपत्री सोनईला सुद्धा भारताबाहेर पडायचा हक्क मिळणार होता. १९४३ मध्ये मुंबईला पक्षाची पहिली काँग्रेस भरली, तिने ही भूमिका मान्य केली.

हे वाचून पहिल्यांदा मला रागच आला. मग त्यामागचं लॉजिक लक्षात आलं. आमच्या साखर कारखान्याच्या बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो बॉयलर फुटू नये म्हणूनच. बाहेर पडण्याचा हक्क दिला की धास्ती जाते, आणि धास्ती गेली की माणसं आपखुशीने एकत्र राहतात, असं अधिकारींना वाटत होतं. सोव्हिएत युनियनच्या १९३६ च्या घटनेत सतराव्या कलमात प्रत्येक प्रजासत्ताकाला हा हक्क लिहून दिलेला होता, आणि तिथे सगळं गुण्यागोविंदाने चाललंय असं इथल्या कम्युनिस्टांना दिसत होतं. प्रत्यक्षात तो व्हॉल्व्ह वेल्डिंग करून बंद केलेला होता. १९४४ च्या फेब्रुवारीत चेचेन आणि इंगुश, मे महिन्यात क्रिमियाचे तातार, अशा अख्ख्याच्या अख्ख्या लोकांना मालगाड्यांत कोंबून हजारो किलोमीटर दूर मध्य आशियात नेऊन टाकलं गेलं. त्या प्रवासात आणि पुढच्या काही वर्षांत किती माणसं मेली! मुंबईत बसलेल्या अधिकारींना हे तेव्हा कळण्याचा काही मार्ग नव्हता, हेही खरं.

पण जे इथे दिसत होतं त्याचं काय? धर्मावरून राष्ट्र ठरत नाही, हे अधिकारी मानत होते. तरी पश्चिम पंजाब आणि पूर्व बंगालमधल्या मुसलमानांना त्यांनी वेगळेपणाचा हक्क दिलाच. लीगला त्यातलं हवं तेवढं उचलता आलं, बाकीचं तिने सोडून दिलं. शिवाय कसोटीला सलग भूमी हवी. लाहोर, कलकत्ता अशा शहरांत एका गल्लीत तीन प्रकारचे लोक राहतात, तिथे रेघ कुठे मारायची? माझी रूममेट बेळगावची. घरी मराठी, शाळेत कन्नड, आमच्याशी इंग्लिश. तिला कुठल्या राष्ट्रीयत्वात बसवायचं, असं मी तिलाच विचारलं तर म्हणाली की मेसचा डबा जिथे चांगला मिळेल तिथे. रेणू जागच्या जागी राहत नाहीत हे ज्याने बर्लिनमध्ये मोजून दाखवलं, त्याने माणसं मात्र नकाशावर जागच्या जागी बसलेली धरली, याचं मला नवल वाटतं.

१९४६ नंतर पक्षाने ही भूमिका सोडत आणली. फाळणी झाली, आणि कम्युनिस्टांनी पाकिस्तानला साथ दिली हा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसला. प्रबंधातला भाषेचा भाग मात्र टिकला. विशाल आंध्र, ऐक्य केरळ, संयुक्त महाराष्ट्र या तिन्ही लढ्यांत कम्युनिस्ट पुढे होते. आपल्याकडे डांगे समितीत होते, १०० हून जास्त हुतात्मे झाले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला, बेळगाव सोडून. मराठी माणसाचं राज्य हवं, पण भारतातच हवं, हे इथे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. बाहेर पडण्याच्या हक्काचं नाव त्या लढ्यात कुणी काढल्याचं माझ्या वाचनात नाही.

अधिकारी पुढे बाजूला पडत गेले. १९६४ मध्ये पक्ष फुटला तेव्हा ते जुन्या पक्षातच राहिले. शेवटच्या काळात त्यांनी पक्षाच्या इतिहासाची कागदपत्रं खंडांमागून खंडांत संपादित केली. एकेक कागद तपासून, तारीख लावून. प्रयोगशाळेची सवय असणार ती. (त्यांचे व्होल्मर सर दुसऱ्या महायुद्धानंतर दहा वर्षं सोव्हिएत युनियनमध्ये जड पाण्यावर काम करत होते, ही गंमत जाता जाता सांगते.)

१९८१ मध्ये अधिकारी गेले. ११ मार्च १९९० ला लिथुआनियाने आपण स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा मॉस्कोने आधी तेल तोडलं आणि जानेवारी १९९१ मध्ये रणगाडे पाठवले. विल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी निःशस्त्र माणसं मारली गेली. डिसेंबरपर्यंत सोव्हिएत युनियनच उरलं नाही, त्याच्या जागी पंधरा देश होते.