बर्लिनमधला अमेरिकन वकील : जॉर्ज बँक्रॉफ्ट

अमेरिकेचा इतिहासकार म्हणून जॉर्ज बँक्रॉफ्ट यांचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या कानावरून गेलेले असते. त्यांचा दहा खंडांचा इतिहास १८३४ ते १८७४ अशी चाळीस वर्षे प्रसिद्ध होत होता. पण मला त्या दहा खंडांपेक्षा त्यांनी बर्लिनमध्ये केलेला एक करार मोठा वाटतो.

बँक्रॉफ्ट यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८०० रोजी वूस्टर या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तेराव्या वर्षी ते हार्वर्डमध्ये दाखल झाले. पुढे हार्वर्डनेच त्यांना जर्मनीस पाठविले आणि १८२० साली ग्योटिंगेन येथे ते डॉक्टर झाले. नंतर त्यांनी शाळा काढली, ते राजकारणात शिरले, नौदलमंत्री झाले, लंडनला वकील म्हणून राहिले. हे भराभर सांगून टाकतो, कारण खरी गोष्ट १८६७ पासूनची आहे. त्या वर्षी त्यांची प्रशियाच्या दरबारी नेमणूक झाली.

तोवर लाखो जर्मन अमेरिकेत जाऊन स्थायिक झाले होते. त्यांतला एखादा तरुण अमेरिकन नागरिक होऊन आईबापांना भेटायला गावी आला, की प्रशियाचे अधिकारी त्याला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी धरीत. जन्माने तो आमचाच, असे त्यांचे म्हणणे. मग अर्ज, खलिते, उत्तरे, पुन्हा खलिते! अमेरिकेची बाजूही आधी लेचीपेची होती. १८४० साली हेन्री व्हीटन या अमेरिकन वकिलाने अशाच एका अर्जदाराला मदत नाकारली होती.

बँक्रॉफ्ट यांना जर्मन भाषा येत होती, तिथली विद्वान मंडळी परिचयाची होती, आणि बिस्मार्कशी त्यांचे चांगले जमले. २२ फेब्रुवारी १८६८ रोजी करारावर सह्या झाल्या. पाच वर्षे सलग अमेरिकेत राहून नागरिकत्व घेतलेला माणूस अमेरिकन, हे उत्तर जर्मन संघाने मान्य केले. मात्र असा माणूस दोन वर्षांहून अधिक मायदेशी राहिला, तर त्याचा परतण्याचा विचार नाही असे धरता येई. बव्हेरिया, बाडेन, व्युर्टेम्बर्ग व हेसे यांनीही त्याच वर्षी असे करार केले. आमच्या घरात सरकारी कागद म्हटला की सगळे घाबरतात; एका कागदाने इतक्या घरांची भीती कमी व्हावी, याचे म्हणूनच मला अप्रूप वाटते.

प्रशियाविषयी मात्र ते फार भारावलेले होते. १८७० च्या युद्धात त्यांची सहानुभूती उघडपणे जर्मनांकडे होती आणि फ्रान्समध्ये त्याचा राग आला. इतिहासकाराने इतके एका बाजूला झुकावे, हे मला पटत नाही. पण त्या स्नेहाचा अमेरिकेला उपयोगही झाला. सान ह्वान बेटांवरून ब्रिटनशी असलेला सीमेचा तंटा सम्राट विल्हेल्म यांच्या लवादाकडे गेला. अमेरिकेची बाजू बँक्रॉफ्ट यांनीच लिहून मांडली, आणि २१ ऑक्टोबर १८७२ रोजी निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला.

१८७४ साली ते मायदेशी परतले. उतारवयात न्यूपोर्टच्या घरी त्यांनी गुलाबांची बाग केली. १७ जानेवारी १८९१ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे जर्मनीबरोबरचे ते करार पुढे १९१७ साली, दोन्ही देश युद्धात समोरासमोर आले तेव्हा संपुष्टात आले.