बहिणाबाईंचा देव

श्रावणात आमच्या दीपनगरच्या परिसरात घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे-नथ लावली की देवी होते. तो नारळ आहे हे सर्वांनाच ठाऊक असते, तरीही हात जोडले जातात. ही कल्पनेची ताकद मला बहिणाबाई चौधरींच्या आयुष्यात दिसते.

जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली त्या जन्मल्या. अक्षरओळख नव्हती. तेराव्या वर्षी लग्न, आणि ऐन तिशीत वैधव्य. कुंकू पुसले गेले, तेव्हा कपाळावरच्या गोंदणात त्यांनी धीर शोधला. शाळा नव्हती, म्हणून सरस्वतीलाच आई मानले. जमिनीतून वर येणाऱ्या कोंबात, उन्हात, वाऱ्यात त्यांना देव भेटे. जात्यावर बसले की हे सारे ओवीत उतरे.

मात्र याच बाईंनी आपल्या गाण्यात ज्योतिषाला दाराशी येऊ नको असे बजावले. कल्पनेने त्यांनी देव जवळ केला, दैवाची भीती मात्र घरात येऊ दिली नाही. भाविक मन आणि भोळे मन यांतला फरक इथे कळतो.

१९५१ मध्ये त्या गेल्या. पुत्र सोपानदेवांनी जपलेली गाणी पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने आली. देव कल्पावा तर असा, माणसाला उभे करणारा!