पंडिता रमाबाई : ग्रंथांकडून माणसांकडे

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की संस्कृतवरील प्रभुत्वाने कलकत्त्याच्या विद्वानांना थक्क करणारी तरुणी तरी आठवते, नाही तर धर्मांतराच्या वादळात सापडलेली विधवा. आयुष्यभर वाचत राहिलेल्या आणि जे पटले त्याची किंमत मोजून ते आचरणात आणणाऱ्या रमाबाई मात्र फारशा कोणाला ठाऊक नसतात.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. रमाबाईंनी पहिले पाठ घेतले ते आईकडून. तीर्थाटन करीत पुराणे सांगणाऱ्या या कुटुंबावर १८७० च्या दशकातील दुष्काळाने घाला घातला. आई, वडील आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथे त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचावयास दिले. धर्मशास्त्रांच्या अभ्यासातून स्त्रियांचे त्यांतील स्थान त्यांना दिसू लागले आणि पहिली शंका तेव्हाच मनात उभी राहिली.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. सिल्चर येथील घरच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’चे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढील साक्ष हे सर्व त्याच एका वर्षातील कार्य होय.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. अशा स्त्रियांबद्दलची ती करुणा त्यांना नवी होती. तिचे मूळ त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या कथेत सापडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. मात्र चर्चच्या अधिकारापुढेही त्यांनी मान तुकविली नाही. तत्त्वांविषयी त्या धर्मगुरूंना आणि भगिनींना प्रश्न विचारीत राहिल्या, शाकाहारही सोडला नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. पुढच्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि विधवागृहासाठी मदत उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले व वर्षभराने पुण्यास हलले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदन सर्वधर्मीयांचे राहील, असे आश्वासन होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंना मुलींवर सक्ती करावयाची नव्हती, पण स्वतःची प्रार्थना दाराआड लपवावयाचीही नव्हती. पालकांच्या दृष्टीने हा विश्वासाचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती, तरी शिक्षण अर्धवट राहिले ते घरी नेलेल्या मुलींचे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडजवळील केडगाव येथील जमिनीवर त्यांची व्यवस्था झाली. तेच ‘मुक्ती सदन’. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. शेती, विणकाम, स्वयंपाक, छपाई अशी कामे शिकवून या स्त्रियांना पायांवर उभे केले जाई. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेलचे वर्ग चालविले.

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला वाहिली. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्याने सामान्य स्त्रीला ते कळत नसे. ही अडचण दूर करावयास एक संस्कृत पंडिताच सरसावली, हे विशेष. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतील स्त्रियाच खिळे जुळवीत आणि छापीत. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. त्या आघातानंतरही काम थांबले नाही. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

१९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. धर्मांतराच्या रागापोटी मराठी समाजाने दीर्घकाळ त्यांना दूर ठेवले, तर काहींनी केवळ धर्मांतरासाठीच त्यांचा गौरव केला. दोन्हींत त्यांचे कार्य झाकले गेले. केडगावची संस्था मात्र आजही निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देत उभी आहे.