गुलाबाचा दिवस आणि रमाईची जयंती

दापोली : ७ फेब्रुवारी उजाडला की मोबाईलवर गुलाबांचा पाऊस सुरू होतो. आज रोज डे, मग चॉकलेट डे, असं करत करत १४ तारखेपर्यंत व्हॅलेंटाईन वीक चालतो. कॉलेजच्या पोरापोरींचे स्टेटस लाल होतात, तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ फुलं भाव खातात.

याच ७ फेब्रुवारीला दापोली तालुक्यातल्या वणंद गावाची वाट माणसांनी भरते. निळे झेंडे घेऊन, पांढऱ्या साड्या नेसून लांबलांबून लोक येतात. कारण या गावात ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रमाबाई जन्मल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी, लाखो लोकांची रमाई.

रमाईचं नाव आज गावोगावच्या ग्रामपंचायतीत रोज घेतलं जातं. रमाई आवास योजनेची यादी लागली की त्यात आपलं नाव आहे का, हे लोक बोट फिरवून बघतात. ज्या बाईच्या नावानं आज घरकुल मिळतं, तिचा स्वतःचा बहुतेक संसार मात्र मुंबईत चाळीच्या दोन खोल्यांत गेला. प्रेमाचा आठवडा सुरू होतोय, तर या संसाराची गोष्ट पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही.

बंदरावरची टोपली

रमाबाईंचे वडील भिकू धुत्रे. वलंगकर या नावानेही ते ओळखले जात. आई रुक्मिणी. हातावर पोट असलेलं घर. भिकू हमाली करायचे, दाभोळ बंदरातल्या मासळीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोचवायचे. डोक्यावर ओझं असलं तरच चूल पेटणार, अशी गत.

रमा लहान असतानाच आई गेली. पुढे थोड्याच काळात वडीलही गेले. मागे राहिली लहान पोरं. गावात त्यांना सांभाळणार कोण? मग काका आणि मामा या भावंडांना घेऊन मुंबईला गेले. भायखळ्याच्या चाळीत ही पोरं वाढू लागली. ज्या वयात खेळायचं, त्या वयात रमा धाकट्यांना सांभाळत होती.

मासळी बाजारातलं लग्न

तेव्हा निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ आपल्या भीमासाठी मुलगी बघत होते. सकपाळांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणजे वणंदहून शेजारच्याच तालुक्यातलं. लष्करातून निवृत्त झाल्यावर रामजी काही काळ दापोलीत राहिलेले होते. दोन्ही घरं आपल्याच मातीतली, पण सोयरीक जुळली ती मुंबईत.

१९०६ च्या सुमारास हे लग्न झालं. नवरा चौदा-पंधरा वर्षांचा, नवरी नऊ वर्षांची. त्या काळी लग्नं अशीच लहान वयात व्हायची. मांडव घालायला ना पैसा ना जागा. म्हणून भायखळ्याचा बाजार उठल्यावर रात्री तिथल्याच उघड्या शेडमध्ये लग्न लागलं. एका कोपऱ्यात नवऱ्याकडची माणसं, दुसऱ्या कोपऱ्यात नवरीकडची. बसायला मासळी विकायचे दगडी ओटे. पायाखालून घाण पाण्याचे ओघळ. पहाटे बाजार भरायच्या आत वऱ्हाडाला जागा मोकळी करून द्यावी लागली.

वडिलांनी जन्मभर मासळीच्या टोपल्या वाहिल्या आणि लेकीचं लग्नही मासळी बाजारातच लागलं. पण त्या रात्री तिथे जो मुलगा बोहल्यावर उभा होता, तो पुढच्याच वर्षी, १९०७ साली मॅट्रिक झाला. त्याच्या समाजात ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

समुद्रापार गेलेला नवरा

१२ डिसेंबर १९१२ ला यशवंतचा जन्म झाला. पुढे दोनच महिन्यांत, २ फेब्रुवारी १९१३ ला सासरे रामजीबाबा वारले. घराचा आधार तुटला. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. रमाबाई तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या. कडेवर तान्हं मूल.

आज नवरा आखातात कामाला गेला तरी रात्री व्हिडिओ कॉल होतो. निळी टिक दिसली नाही तर जीव खालीवर होतो. तेव्हा बोटीनं टपाल यायचं, त्याला आठवडेच्या आठवडे जायचे. मधल्या काळात पहिलं महायुद्ध पेटलं. भीमराव लंडनहून परत निघाले, तेव्हा त्यांचं सामान आणि पुस्तकं ज्या बोटीत होती ती बोट युद्धात बुडवली गेली. ते स्वतः दुसऱ्या बोटीनं आले म्हणून वाचले. ऑगस्ट १९१७ मध्ये ते घरी पोचले. चार वर्षं उलटली होती.

घरी पैसा नव्हता. बडोद्याला नोकरीवर गेले तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. अपमान गिळून परत यावं लागलं. पुढे १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी हा पगार मोठा होता. आता घरात दोन घास सुखाचे येतील असं कोणालाही वाटलं असतं. पण भीमरावांना लंडनचं अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायचं होतं. त्यांनी घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हातात द्यायची आणि बाकीची शिल्लक टाकायची, असं ठरवलं. पगार मोठा असूनही घर पूर्वीसारखंच काटकसरीत चाललं. ही शिल्लक जशी भीमरावांची, तशीच ती रमाबाईंचीही होती. कारण घरातल्या डब्यातून ती वाचत होती.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. थोडी शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, यावर हे शिक्षण झालं. तिकडे ते अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचत होते, इकडे परळला रमाबाई ओढाताण करून घर ओढत होत्या. १९२३ साली ते परतले. दोन्ही वेळचा हिशेब केला तर २९ वर्षांच्या संसारातली जवळजवळ ७ वर्षं नवरा समुद्रापार होता. पुढे १९३० ते १९३२ मध्ये गोलमेज परिषदांसाठी गेले ते वेगळेच.

डोक्यावरच्या शेणी

परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या एक नंबर चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथेच दीर आनंदराव, जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद असा सगळा गोतावळा. १९२७ साली आनंदराव गेले. जाऊबाई आणि पुतण्याची जबाबदारीही याच घरानं सांभाळली.

नवरा बॅरिस्टर झाला म्हणजे पैशाचा पाऊस, असं बाहेरून वाटतं. पण अस्पृश्य वकिलाकडे खटले घेऊन कोण येणार? आले ते गरीब पक्षकार. जो वेळ उरे तो समाजाच्या कामात जाई. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, त्याच वर्षी बहिष्कृत भारत हे पत्र. घरात माणसांचा राबता. सरपणाला पैसे नसायचे, तेव्हा रमाबाईंनी शेणी डोक्यावर वाहून आणल्या. बॅरिस्टरची बायको शेणी वाहते, लोक काय म्हणतील, याचा विचार त्यांनी केला नाही. गावाकडच्या बाईला हे ओझं सांगायला नको. शेणीची टोपली मानेला किती लागते, ते तिला ठाऊक असतं.

यापेक्षा जड ओझं दुसरं होतं. रमाबाईंना पाच मुलं झाली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यातला एकटा यशवंत जगला. चार लेकरं त्यांनी डोळ्यांदेखत गमावली. गंगाधर गेला तेव्हा कफनालाही पैसे नव्हते आणि रमाबाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, ही आठवण आजही जयंतीला सांगितली जाते. शेवटचा राजरत्न बापाचा फार लाडका. तो जुलै १९२६ मध्ये गेला. त्या दुःखानं बाबासाहेबही मोडून पडले होते. जगण्यातली चवच गेली, अशा अर्थाचं पत्र त्यांनी स्नेह्याला लिहिलं होतं.

एवढं सोसूनही रमाबाई अबोल सोशीक मूर्ती नव्हत्या. त्यांचं त्यांचं मन होतं, श्रद्धा होती. पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचं दर्शन घ्यावं ही त्यांची इच्छा होती, ती त्यांनी बोलूनही दाखवली. पण तेव्हा अस्पृश्यांना देवळात जाता येत नव्हतं. जे दर्शन लांबून, हिणवून घ्यायचं त्यापेक्षा आपण सेवेनं दुसरी पंढरी उभी करू, असं सांगून बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली, असं सांगतात. विठ्ठलाचं देऊळ सर्वांना उघडं झालं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तोवर रमाबाईंना जाऊन १२ वर्षं झाली होती.

फेब्रुवारी १९२८ मधली कबुली

मग या संसारात बाबासाहेबांनी बायकोला काय दिलं? गुलाब दिला का, साडी दिली का, याच्या नोंदी नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी केली, ती तेव्हाच्या पुरुषांत दुर्मीळ होती. आजही ती फारशी होत नाही.

फेब्रुवारी १९२८ मध्ये बहिष्कृत भारतात त्यांनी एक लेख लिहिला. पत्र चालवायला पैसे कमी पडत होते, लोकांनी आपलं ऋण ओळखावं असा त्याचा विषय. त्यात त्यांनी आपल्या घरची गोष्ट उघड लिहिली. आपण परदेशात असताना जिनं रात्रंदिवस प्रपंचाची काळजी वाहिली, परत आल्यावरच्या गरिबीत जिनं शेणीचे भारे डोक्यावर आणले, त्या पत्नीसाठी आपल्याला दिवसातला अर्धा तासही देता आला नाही, हे त्यांनी छापून सांगितलं. तिच्याबद्दल अत्यंत आदराचे शब्द वापरले. रमाबाई तेव्हा हयात होत्या, तिशीच्या होत्या.

बाईचं घरातलं काम कोणी मोजत नाही. बाबासाहेब अर्थशास्त्राचे डॉक्टर, रुपयावर ग्रंथ लिहिलेला माणूस. त्यांनी ते मोजलं, आणि ते आपल्यावरचं कर्ज आहे हे चारचौघांत मान्य केलं. आपण वेळ देऊ शकलो नाही, हेही लपवलं नाही.

राजगृह

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं राहिलं. बाबासाहेबांच्या पुस्तकांना जागा मिळाली, रमाबाईंना स्वतःचं घर मिळालं. पण अंग आता साथ देत नव्हतं. उपासतापास, कष्ट आणि लेकरांच्या दुःखानं शरीर पोखरलं होतं. हवापालटासाठी त्यांना धारवाडला ठेवलं. तिथल्या बोर्डिंगमधली मुलं धान्याअभावी उपाशी आहेत असं कळलं, तेव्हा त्यांनी आपल्या हातातल्या बांगड्या काढून दिल्या, अशी आठवण सांगितली जाते.

दुखणं काही हटलं नाही. २७ मे १९३५ ला राजगृहात रमाबाईंनी देह ठेवला. वय अवघं ३७. हजारो लोक अंत्ययात्रेला आले. बाबासाहेब लहान मुलासारखे रडले. काही दिवस त्यांनी डोकं भादरून भगवी वस्त्रं घातली होती.

पाच वर्षांनी, १९४० च्या अखेरीस, त्यांचा पाकिस्तानच्या प्रश्नावरचा गाजलेला ग्रंथ आला. देशभरातले पुढारी वाचणार असा हा राजकारणाचा ग्रंथ. तो त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. रामू म्हणजे रमाबाई. घरात ते याच नावानं हाक मारायचे. तिचं मन किती चांगलं होतं, आणि कोणी सोबतीला नसताना गरिबीच्या दिवसांत तिनं किती शांतपणे आपल्याबरोबर सोसलं, हे त्यांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

हे पान रमाबाईंनी पाहिलं नाही. ते येईपर्यंत त्या उरल्या नव्हत्या.

आज वणंदला जयंतीचा कार्यक्रम आहे. त्याच वेळी गावागावांत भात झोडून झालेल्या घरच्या बाया पहाटे उठून भाकऱ्या थापतायत, आंब्याच्या मोहोराची राखण करतायत, पोरांना शाळेत धाडतायत, सासूसासऱ्यांच्या गोळ्या आठवणीनं देतायत. गुलाब द्यायचा तर जरूर द्या, त्यात वाईट काही नाही. पण घरातलं कोण काय ओझं वाहतंय, ते एकदा तिच्यासमोर आणि चार माणसांत बोलून दाखवा. त्याला पैसा लागत नाही. आणि ते ऐकायला ती माणसं आज घरात आहेत.

रमाईंना जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन.