मूठभर धान्यावर हायस्कूल कसं उभं राहतं? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वर्गणीची गोष्ट

शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही असाल, तर असा एखादा मेसेज वाचलाच असेल. शाळेला प्रोजेक्टर घ्यायचाय, पत्रे बदलायचेत, स्नेहसंमेलन आहे, पालकांनी यथाशक्ती मदत करावी. मग कुणी हात जोडल्याचा इमोजी टाकतं, कुणी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकतं आणि बरेच जण मेसेज वाचून गप्प बसतात.

शाळेसाठी पालकांकडून वर्गणी गोळा करण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यात एका माणसाने हेच काम इतक्या मोठ्या प्रमाणावर केलं, की त्यातून उभी राहिलेली संस्था आज राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. विशेष म्हणजे, ज्या पालकांकडून त्याने मदत घेतली, त्यातल्या बहुतेकांकडे द्यायला रोख पैसाच नव्हता.

त्या माणसाचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील. आपण त्यांना कर्मवीर म्हणून ओळखतो. रयत शिक्षण संस्था त्यांनी काढली हे शाळेच्या पुस्तकात असतं. पण संस्थेसाठी लागणारा पैसा, धान्य आणि माणसं त्यांनी आणली कुठून, हे पुस्तकात एका ओळीत संपतं. खरी गोष्ट तिथेच आहे.

सहावीत नापास झालेला मुलगा

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन, मूळ गाव आताच्या सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. मुलगा शिकून मोठा होईल या आशेने त्यांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये घातलं आणि राहायची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली.

अभ्यासात मात्र भाऊराव फार चमकले नाहीत. इंग्रजी सहावीत नापास झाले आणि औपचारिक शिक्षण तिथेच थांबलं. पण कोल्हापुरात त्यांनी जे पाहिलं ते कुठल्या वर्गात शिकवलं जात नव्हतं. शाहू महाराज तेव्हा वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढत होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि त्यांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं.

शाळा असली तरी राहायची आणि जेवायची सोय नसेल, तर खेड्यातला मुलगा शिकू शकत नाही. आणि ती सोय जातीच्या अटीवर मिळत असेल, तर काही मुलं कायमची बाहेरच राहतात. या दोन गोष्टी भाऊरावांना तरुण वयातच कळल्या होत्या, त्याही स्वतःवर बेतल्यामुळे.

नांगर विकणारा माणूस

पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. मग ओगले काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. साताऱ्यातला कूपर कारखाना उभा राहिला, त्यातही त्यांची मेहनत होती.

चरित्रात हा भाग बऱ्याचदा घाईघाईने उरकला जातो. पण पुढच्या सगळ्या कामाची पायाभरणी इथेच झाली. लोखंडी नांगर विकणं तेव्हा सोपं नव्हतं. लोखंडाने जमीन खराब होईल अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. विक्रेत्याला शेतकऱ्याच्या बांधावर बसावं लागे, त्याच्या भाषेत बोलावं लागे, त्याच्या घरची परिस्थिती समजून घ्यावी लागे. कोणत्या गावात पाणी आहे, कोणत्या गावात सावकार आहे, कुणाचं पोर हुशार आहे पण गुरांमागे जातं, हे सगळं या फिरतीत त्यांना कळत गेलं.

कूपर कारखान्याच्या नफ्यातून शिक्षणाच्या कामाला पैसा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही आणि ते तिथून बाहेर पडले. एका मोठ्या दात्यावर संस्था उभी करायची नाही, हा धडा त्यांना इथे मिळाला असावा. कारण पुढे त्यांनी अगदी उलटा रस्ता धरला.

काले गावातली सुरुवात

४ ऑक्टोबर १९१९. दसऱ्याच्या मुहूर्तावर कराड तालुक्यातल्या काले या गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. पाठीशी सत्यशोधक चळवळ होती. नावातच सगळं आलं. रयत म्हणजे सामान्य कष्टकरी जनता.

१९२४ मध्ये काम साताऱ्याला आलं आणि तिथे वसतिगृह सुरू झालं. इथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची आणि एकाच पंगतीला जेवायची. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले, त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. गावातल्या विहिरीवरसुद्धा सगळ्यांना एकत्र पाणी भरता येत नव्हतं, त्या काळात हे चाललं होतं.

पण विचार कितीही मोठा असला तरी दोन वेळच्या जेवणाला धान्य लागतं. ते यायचं कुठून?

मुष्टिफंड म्हणजे नेमकं काय?

भाऊरावांनी शोधलेला उपाय अगदी घरगुती होता. घरातल्या बाईने रोज दळायला किंवा रांधायला धान्य घेताना त्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि वेगळ्या भांड्यात टाकायची. ठरलेल्या दिवशी वसतिगृहातली मुलं दारात यायची आणि साठलेलं धान्य घेऊन जायची. यालाच मुष्टिफंड म्हणतात.

आता यातलं गणित बघा.

पहिली गोष्ट, शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा सुगीनंतर थोडे दिवसच दिसायचा. धान्य मात्र कमी असलं तरी रोज हाताखालून जायचं. भाऊरावांनी लोकांकडे जे होतं तेच मागितलं.

दुसरी गोष्ट, एक मूठ दिल्याने कुणाचं घर उपाशी राहत नाही. पण शंभर घरांनी महिनाभर एकेक मूठ काढली, तर पोती भरतात. रक्कम एवढी लहान ठेवली होती, की गरिबातल्या गरिबालाही देणारा होता यावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ही वर्गणी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नाही, तर बाईच्या हातातून यायची. जिला स्वतःला शाळा बघायला मिळाली नाही, ती रोज सकाळी शाळेची आठवण काढून मूठ बाजूला ठेवायची. शाळा ही सरकारची किंवा कुणा साहेबाची न राहता तिच्या घरची गोष्ट झाली. हिशेबाचे कागद तिला वाचता येत नसतील, पण आपलं धान्य कुठे गेलं हे तिला पक्कं माहीत होतं. न्यायला येणारी पोरंच ते खाणार होती.

लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र

ही गोष्ट लक्ष्मीबाईंशिवाय पूर्ण होत नाही. भाऊराव गावोगाव फिरत असायचे तेव्हा वसतिगृहातल्या मुलांचं दुखणंखुपणं आणि जेवणखाण त्यांची पत्नी लक्ष्मीबाई बघायची. त्या स्वतः सोवळं पाळणाऱ्या घरातून आल्या होत्या. त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना स्वतःच्या हाताने वाढलं.

पैसे संपले की एकेक दागिना जायचा. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना धान्य संपलं आणि मुलं उपाशी राहायची वेळ आली. घरात सोनं म्हणून फक्त मंगळसूत्र उरलं होतं. लक्ष्मीबाईंनी तेही दिलं आणि त्या दिवशीची चूल पेटली.

सोशल मीडियावर ही गोष्ट त्यागाची कथा म्हणून दरवर्षी फिरते. पण ती जरा थांबून वाचायला हवी. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणं ही त्या काळी किती अवघड गोष्ट होती, याचा विचार करा. आणि संस्थेकडे पैसा नव्हता याची सगळ्यात जास्त किंमत कुणी मोजली, हेही त्यातून दिसतं. १९३० मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. वसतिगृहाचा वटवृक्ष झालेला त्यांना पाहता आला नाही. पुढे उच्च शिक्षणासाठी मुलांना कर्ज देणाऱ्या पतपेढीला त्यांचं नाव देण्यात आलं.

फी नाही, पण फुकटही नाही

प्राथमिक शाळा काही गावांत होत्या. खरी गळती पुढे व्हायची. हायस्कूल म्हणजे शहर, शहर म्हणजे फी आणि खोलीभाडं. शेतकऱ्याचं पोर तिथेच थांबायचं.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. इथे शिक्षण मोफत होतं, राहायची सोय होती आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याने काम करायचं होतं. कमवा आणि शिका ही योजना ती हीच. देशातलं अशा प्रकारचं हे पहिलं हायस्कूल मानलं जातं.

मुलं शेती करायची, दगड फोडायची, माळरान साफ करायची, बांधकामावर राबायची. शिक्षण दानात मिळालं असं मुलाला वाटू नये, हा त्यामागचा हेतू होता. पालकाने धान्य दिलं, मुलाने श्रम दिले, गावाने जागा दिली. ज्याच्याकडे जे होतं, त्याचा शाळेत वाटा पडला.

१९३५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज निघालं होतं. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आलं. या कॉलेजची एक गोष्ट आजही सातारा भागात सांगितली जाते. कॉलेजला शिवाजी महाराजांऐवजी आपलं नाव द्यावं, या अटीवर कुणीतरी मोठी देणगी देऊ केली. भाऊरावांनी ती साफ नाकारली. स्वतःच्या बापाचं नाव एक वेळ बदलेन, पण हे नाव बदलणार नाही, अशा आशयाचं त्यांचं उत्तर होतं. मूठभर धान्य आनंदाने घेणारा माणूस मोठी थैली परत पाठवू शकला, कारण त्याची संस्था त्या थैलीवर चालत नव्हती.

सरकारने अनुदान थांबवलं तेव्हा

हा स्वभाव सरकारबरोबरही दिसला. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांचं सरकार असताना रयतचं भाऊरावांशी पटेनासं झालेल्या सरकारकडून येणारं अनुदान बंद झालं. शेकडो शाळा चालवणाऱ्या संस्थेसाठी हा गळा आवळण्याचाच प्रकार होता.

संस्था बंद पडली नाही. सभा झाल्या, लोकांनी वर्गणी काढली, शिक्षकांनी ओढाताण सोसली. संत गाडगे महाराजांनी सरकारकडे शब्द टाकला असंही सांगितलं जातं. अखेर अनुदान पुन्हा सुरू झालं. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लोकवर्गणी असली की सरकारची गरज नाही, असं भाऊराव कधीच समजले नाहीत. अनुदान हा रयतेचा हक्क आहे, या भूमिकेवर ते ठाम होते. लोकवर्गणीने त्यांना दिली ती मोडून न पडता भांडण्याची ताकद.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कूलं काढण्याचा संकल्पही भाऊरावांनी सोडला होता. उतारवयातही अंगावर खादी, पांढरी दाढी, हातात काठी घेऊन त्यांची फिरती सुरूच होती. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने इंग्रजी सहावी नापास झालेल्या या माणसाला डी.लिट. दिली. ९ मे १९५९ रोजी त्यांचं निधन झालं. आज रयतच्या सातशेहून अधिक शाखा आहेत आणि संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्ष आहे.

मग आपल्या ग्रुपवरच्या मेसेजचं काय?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. म्हणजे आठवीपर्यंत. नववी-दहावी आजही त्या हमीच्या बाहेर आहे. हायस्कूलच्या उंबरठ्यावर मूल अडखळण्याची जी जागा भाऊरावांनी हेरली होती, ती पुरती बुजलेली नाही. त्याच कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेण्यावर बंदी घातली आणि शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावेत असंही सांगितलं.

म्हणून पुढच्या वेळी वर्गणीचा मेसेज आला, की भाऊरावांची पद्धत समोर ठेवून तीन गोष्टी बघा. रक्कम अशी आहे का, की वर्गातल्या सगळ्यात गरीब पालकालाही मान खाली न घालता देता येईल? पैशाऐवजी श्रम, वस्तू किंवा वेळ दिला तर चालतो का? आणि दिलेलं कुठे गेलं, हे देणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं का?

तिन्हींची उत्तरं हो असतील, तर ती लोकवर्गणी आहे. नसतील, तर ती नाव बदललेली फी आहे आणि तिच्याबद्दल पालकसभेत उभं राहून विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.